टॉप गिअरची चोरी

१४ जानेवारी १९६८, संक्रांत
आजपासून रागवायचं नाही. तसा मी मुळात शांतच. वर्कशॉपच्या ड्रॉइंग ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. परवा शाईची दौत भिंतीवर फुटली ती हातातून निसटून. भिंत लांब होती, हे खरं.
दुपारी कमलिनीचा भाऊ दिवाकर आला. त्यानं नवी गाडी घेतली, जुनी विलायती बहिणीला दिली. म्हणाला, "जीजाजी, चलाइए, एकदम मक्खन." मी विचारलं, गिअर रेशो काय? तो हसला. या लोकांच्या इतक्या पिढ्या झाशीत गेल्या की हसतातही हिंदीत.
रागावलो नाही. तिळगुळाचा डबा जरा जोरात ठेवला. चेपला.

१७ जानेवारी
पहिली फेरी, ग्वाल्हेर रोड. काटा चाळीसवर, आणि इंजिन गळा काढून ओरडतंय. चाळीस किलोमीटरला एवढा आक्रोश? काहीतरी गडबड आहे. वाटेत दोन स्कूटर मागे टाकल्या. हल्ली स्कूटरवाले फारच हळू जातात.
परतताना सदर बाजारात पेरूची हातगाडी आडवी आली. तीसच्या वेगाला गाडी जागच्या जागी थांबायला हवी. थांबली नाही. पेरूवाल्यानं माझी कॉलर धरली, मी त्याचा तराजू. लोकांनी सोडवलं. कमलिनी घरी येईपर्यंत बोलली नाही. दृश्याचा आनंद घेत असावी.

२१ जानेवारी, रविवार
शास्त्रीय पद्धत. इंजिनाचे फेरे भागिले चाकाचे फेरे, की रेशो. वर्कशॉपमधून फेरे मोजायचा टॅकोमीटर आणला. मागची चाकं विटांवर उचलली. कमलिनी आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबणार आणि वेग सांगणार; मी बॉनेट उघडून इंजिनाच्या पुलीला टॅकोमीटर लावणार.
फॅननं गळ्यातला मफलर ओढला. मफलरमागे मी. थोडक्यात नाक वाचलं. फॅनला लाथ घातली. पाय सुजला आहे.
दुसऱ्यांदा नीट जमलं. टॉप गिअर, इंजिनाचे फेरे मिनिटाला १८२०. कमलिनी ओरडली, तीस मैल. मी सांगितलं, देशात मेट्रिक आलं, आता किलोमीटर म्हणायचं. ती म्हणाली, यावर जे लिहिलंय ते सांगते. मी म्हटलं, तू फक्त आकडा सांग.
चाकाचा घेर दोन मीटर. ताशी तीस किलोमीटर म्हणजे मिनिटाला चाकाचे अडीचशे फेरे. भागाकार सव्वासात. गाडीच्या पुस्तकात टॉपचा रेशो साडेचार, थर्डचा सात.
म्हणजे या गाडीत टॉप गिअरच नाही. दिवाकरनं काढून नव्या गाडीत बसवला. बहिणीच्या गाडीतला.

२२ जानेवारी
दिवाकरच्या औषधांच्या दुकानात गेलो. शांतपणे. फक्त हिशेबाचा कागद पुढे केला. कागदाच्या मागे मूठ होती, ती त्याच्या हनुवटीला लागली. त्यानं मला खोकल्याच्या बाटल्यांच्या कपाटावर ढकललं. मी वजनकाटा उचलला. पुढचं सलग आठवत नाही. दोघेही टिंक्चर आयोडिननं न्हाऊन निघालो. शेवटी तो काउंटरवरून खाली पडला आणि हाडाचा आवाज आला.
पडताना तो म्हणाला, "कौनसा गिअर, जीजाजी?"
निर्ढावलेला चोर.

२३ जानेवारी
दिवाकरच्या उजव्या हाताला प्लॅस्टर. कमलिनी त्याच्याकडे गेली. जाताना मला "तुम्ही"ऐवजी "आप" म्हणाली. तरी पुरावा भक्कम आहे. रविवारी पुन्हा मोजून दाखवतो, मग तीच माफी मागेल.

२८ जानेवारी, रविवार
आत बसायला कोणी नाही, म्हणून अ‍ॅक्सिलरेटरवर वीट ठेवली. शेजारचे गोपाळराव गच्चीवरून म्हणाले, असं करू नका. मी म्हटलं, तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, गप्प बसा.
गाडी विटांवरून उतरली. मी बाजूला उडी मारली. ती गोपाळरावांची भिंत फोडून त्यांच्या न्हाणीघरात शिरली. बंब आडवा, पाण्याचा लोट, गोपाळरावांच्या पत्नी जानकीबाई आतून किंचाळत बाहेर. देवाच्या कृपेनं कपड्यांसह. गोपाळरावांनी धुण्याची मोगरी माझ्या पाठीत घातली. मी उलट मारणार होतो, पण आधी गाडीशी हिशेब चुकता करायचा होता. आत वाकलो आणि स्पीडोमीटरवर गुद्दा हाणला. काच फुटली. हातातून रक्त.
डायलवरचं रक्त बाहीनं पुसलं. आकड्यांखाली तीन बारीक अक्षरं होती. एम. पी. एच.
मैल. ताशी मैल.
न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसून पुन्हा भागाकार केला. साडेचार आला. गोपाळराव अजून मारत होते. मी थांबा म्हटलं नाही.

४ फेब्रुवारी, रविवार
दिवाकरकडे गेलो. वाटेत तीन-चार वाक्यं तयार केली होती. दारात कमलिनी उभी होती. तिनं पाणी दिलं. म्हणाली, भैयाला एका हातानं दुकान उघडता येत नाही. प्लॅस्टर निघेपर्यंत संध्याकाळी तुम्ही बसायचं. "तुम्ही" म्हणाली. बसलो.
दुकानात दिवाकर खुर्चीतून सांगतो, मी स्टुलावर चढून बाटल्या काढतो. गॅरेजवाल्यानं काय सांगितलं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, गिअरबॉक्स उत्तम आहे, बाकी काही उरलं नाही. त्यानं मान डोलावली.
एक म्हातारे गिऱ्हाईक आले. दिवाकरला म्हणाले, हाथ कैसे टूट गया? दिवाकर म्हणाला, सीढ़ी से गिर गया. म्हातारे माझ्याकडे वळले. "आप यहीं थे? सम्हाल लेते."
मी म्हटलं, थोड़ी देर हो गई. आणि त्यांचं मलम कागदात बांधून दिलं.