आधी एकच मेंढी

छत्रपती संभाजीनगर,
३ ऑक्टोबर २०२५

चि. ज्ञानेश्वरी हिस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही उभयता बरे आहोत. उमाचा गुडघा कुरकुरतो आहे, पण काल दसऱ्याला तिनं श्रीखंड घरीच केलं, तेव्हा फार काळजीचं नसावं. यंदा पावसानं पार पिच्छा पुरवला. पिशोरला तुझे वडील, कडूबा, कसे आहेत? त्यांची मेंढरं सुखरूप आहेत ना? पुण्याची नवी नोकरी मानवली का? पोळ्या तिथं गोड लागत नाहीत म्हणे, खरं का?

खंडेनवमीला दुपारी तुला माझा मिस्ड कॉल दिसला असेल. त्यानंतर तू दोनदा फोन केलास आणि मी उचलला नाही. संध्याकाळी मी ‘खिशातून चुकून लागला’ असा मेसेज टाकला. तो चुकून लागलेला नव्हता. म्हणून हे पत्र. फोनवर माझी जीभ वळली नसती. शिवाय या पाकिटात एक गोष्ट घालायची आहे, ती फोनमधून जात नाही.

कंपनीचं म्हणशील तर चिकलठाण्यात सगळं जसंच्या तसं. तुझी खुर्ची रिकामी आहे. चहावाला अजून दोन कप आणतो आणि दोन्ही मीच पितो. दिवाळी झाली की मी निवृत्त होणार, मग दोन्ही कप तोच पिईल.

तर नवमीला लाईट गेली आणि आपलं लेबलाचं मशीन बसलं. मी लिहिलेला प्रोग्राम ज्याच्यावर चालतो तोच जुना कॉम्प्युटर, कपाटाशेजारचा. तू त्याला ‘आजोबा’ म्हणायचीस. त्याचं लेबल खोक्यावर नसेल तर वाळूजचं गिऱ्हाईक गेटातून माल आत घेत नाही, हे तुला माहीत आहेच. दसऱ्याच्या सुट्टीआधी माल पोचायलाच हवा होता. गाड्या भरून आवारात उभ्या, आणि लेबल एकही नाही. राजकुमारशेठ दारात उभे राहून विचारत होते, “काका, होईल ना?” मी “होईल, होईल” म्हणत होतो. इतकी वर्षं ज्या एका कामावर कंपनीत माझं नाव होतं, ते जाता जाता धुळीला मिळणार असं स्पष्ट दिसत होतं. तेव्हाच तुझा नंबर लावला, आणि लागता लागता कापला.

का कापला ते सांगतो. पण त्याआधी एक दुरुस्ती. लाईट गेली नव्हती.

दरवर्षी खंडेनवमीला सगळे लेथ, सगळ्या प्रेस बंद करून, पुसून, हळदकुंकू लावून पूजा करतात. आपल्या मशीनला मात्र मी चालू असतानाच हार घालायचो. त्याला बंद करायचं नाही, म्हातारं आहे, निवलं की उठणार नाही, हे मीच सगळ्यांना बजावायचो. तुलाही किती ओरडलो असेन! यंदा माझी शेवटची नवमी. सकाळी डबा भरताना उमा म्हणाली, “सगळ्या मशीनना आज विसावा असतो. तुमच्याच मशीननं काय घोडं मारलंय?” मला ते लागलं. खरंच वाटलं, एक दिवस तरी त्याला निवांत बसू द्यावं. मी माझ्या हातानं ते बंद केलं. धूळ पुसली, झेंडूचा हार घातला, समोर पेढा ठेवला, हात जोडले. आरती झाल्यावर चालू करायला गेलो तर नुसतं कुरकुरलं आणि गप्प झालं.

शेठना मी लाईटचं सांगितलं. इलेक्ट्रिशियनला फुकटची बोलणी बसली. तो बिचारा माझ्याकडे बघत होता, कारण पंखा फिरताना त्यानंही पाहिला होता.

आता तुझ्याविषयी. तू म्हणायचीस, सर, हे अख्खं मशीन जसंच्या तसं उचलून मोठ्या सर्व्हरच्या आत ठेवू. व्हर्च्युअल मशीन. आतून सगळं तेच, फक्त स्वतःचं अंग नाही. आणि मीटिंगमध्ये मी काय म्हणालो? “माझं मशीन दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून राहणार नाही.” सगळे हसले. दुसऱ्यांदा तू नवं अपडेट आधी एकाच कॉम्प्युटरवर टाकून बघू, मग बाकीच्यांवर, असं म्हणालीस आणि वडिलांचं सांगितलंस, “आमचे बाबा म्हणतात, पाण्यात आधी एकच मेंढी घालायची. ती पार झाली की बाकीच्या आपसूक जातात.” तेव्हाही सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्यानं मी.

जायच्या दिवशी तू सांगितलंस की सर्व्हरवर मशीनची तशीच प्रत करून ठेवली आहे, ती रोज आपोआप ताजी होईल, नको असेल तर पुसून टाका. मी ती पुसल्याचं दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

पोरी, मी ती पुसली नाही. एकदा गंमत म्हणून उघडून बघितली, तर पडद्यावर मीच कधीकाळी टाकलेलं ‘श्री गजानन प्रसन्न’ आलं, खाली माझा प्रोग्राम, माझ्याच रंगात. पुसायला हात धजेना. तेव्हापासून रोज ऑफिसात आल्यावर कोणी नसताना बघायचो, प्रत ताजी झाली का. चोरून बिडी ओढावी तसं.

म्हणून फोन कापला. तुला विचारण्यासारखं काही नव्हतंच, सगळं तू करून गेली होतीस. फक्त सगळ्यांसमोर ती प्रत उघडायची होती, आणि त्यालाच माझा पाय निघत नव्हता. पण खिडकीतून गाड्या दिसत होत्या. बसलो आणि केली चालू. ‘श्री गजानन प्रसन्न’. प्रिंटरनं जरा आढेवेढे घेतले, मग पहिलं लेबल बाहेर आलं. शेठ म्हणाले, “छापा पटापट, सगळ्या गाड्या सोडू.” मी म्हणालो, “नाही. आधी एकच.”

सांडू ड्रायव्हरची गाडी पुढे पाठवली. ती वाळूजला पोचेपर्यंत सगळे माझ्या फोनकडे बघत होते. शेठनी तर पेढासुद्धा हातातच धरून ठेवला होता. शेवटी सांडूचा फोन आला, “सायब, घेतलं की गेटवाल्यानं! टूं वाजलं अन् गाडी आत. बाकीच्यांला सोडा आता बिनघोर, लई वाट बघू नका!”

ज्ञानेश्वरी, मी खुर्चीत बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू! सगळ्या गाड्या गेल्या. शेठनी विचारलं, “काका, ही जादू कधी केली?” लाईटबद्दल खोटं बोललो होतो, पण इथं बोललो नाही. म्हणालो, “ज्ञानेश्वरीनं केली. मी फक्त हसलो होतो.” तिथं जे जे हसले होते ते सगळे उभे होते. सगळ्यांनी ऐकलं.

काल सोनं द्यायला शेठच्या घरी गेलो आणि लाईटचंही सांगून टाकलं. मला वाटलं चिडतील. ते पोट धरून हसले. म्हणाले, “काका, तुम्हीच म्हणाले ना त्याला, आराम कर? केला त्यानं आराम!” इलेक्ट्रिशियनकडे मिठाई घेऊन गेलो. त्यानं मिठाई घेतली आणि म्हणाला, “पंखा फिरत व्हता, सायब.” मी म्हटलं, “व्हय बाबा, फिरत होता.”

शेठ तुला फोन करणार आहेत. माझ्या जागेसाठी मी तुझं नाव सांगितलं आहे. यायचं की नाही ते तू ठरव. पुण्यात बरं चाललं असेल तर माझ्या भिडेखातर येऊ नकोस. पण त्यांचा फोन उचल, माझ्यासारखं करू नकोस.

आजोबांवरचा हार मी अजून काढलेला नाही. उमा विचारते, पुढच्या वर्षी ज्याला अंगच नाही त्याची पूजा कुठं करणार? तुला काही सुचलं तर कळव.

पाकिटात आपट्याची पानं आहेत. सोनं धाकट्यानं थोरल्याला द्यायचं आणि पाया पडायचं, अशी रीत आहे. यंदा आधी मी देतो. पाया पडलो तर तुला अवघडल्यासारखं होईल म्हणून तेवढं राहू दे, पण मनातून पडलो आहे असंच समज.

कडूबांना माझा नमस्कार सांग. त्यांची मेंढी पार झाली म्हणावं.

आता फोन कर. पहिल्या रिंगला उचलतो.

तुझा,
अनंतराव