किल्ली खुंटीवर आहे

गुरुवार, ९ नोव्हेंबर. सकाळी सव्वासात.
संकल्प: नाताळपर्यंत ब्रेमेनच्या आमच्या, किल्लीविना कुलपं उघडायच्या क्लबात पहिल्या तिघांत यायचं. कुलपातल्या पिना एकेक उचलून बसवायला आकडा, ताण धरून ठेवायला ताणपट्टी आणि शांत डोकं, एवढंच लागतं. तिन्ही आहेत.
नाश्त्याला गेसा काहीतरी गंभीर बोलत होती. मी सरावाच्या कुलपात चौथ्या पिनेवर होतो, तरी सगळं ऐकलं. म्हणाली, "योखेन, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. मला आता असं राहायचं नाही. तळघरात आपल्या खोलीत तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय. किल्ली दाराशी खुंटीवर आहे. एकदा साध्या माणसासारखी किल्ली घे, खाली जा आणि बघ. अठरा तारखेपर्यंत. नंतर माझं मी बघेन."
खाली जाऊन पाहिलं. नवं कुलूप. (जुनं मी सप्टेंबरात सुटं केलं होतं. जोडायचंय.) पितळी, सहा पिनांचं. म्हणजे बायकोने मला आव्हान दिलंय. सत्तावीस वर्षांनी का होईना, माझा छंद तिला कळला. भरून आलं.

शुक्रवार, १० नोव्हेंबर.
किल्लीला हात लावणार नाही. लावली तर खेळ कसला?
तळघरातला दिवा तीन मिनिटांनी आपोआप विझतो. बटण जिन्याच्या तोंडाशी. पहिली पिन बसली, दिवा गेला. बटण दाबून आलो तर ताण सुटलेला, पिन पुन्हा खाली. असं अकरा वेळा. गुडघा धरलाय. प्रगती समाधानकारक.

रविवार, १२ नोव्हेंबर.
जेवताना गेसाने विचारलं, गेलास का खाली? म्हटलं, रोज जातो. तिचा चेहरा एकदम उजळला. "मग?" म्हणाली. म्हटलं, तीन पिना बसल्या.
सूप तसंच टाकून उठली. तिला बहुधा चारची अपेक्षा होती.

बुधवार, १५ नोव्हेंबर.
क्लबाची संध्याकाळ. आमचे नियम दोन. दुसऱ्याचं कुलूप उघडायचं नाही, आणि वापरातलं असेल तर आपलंही नाही. माझ्या बाबतीत अडचण नाही. खोली दोघांच्या नावावर, म्हणजे अर्धं कुलूप माझं. आणि किल्ली कोणी वापरतच नाही, म्हणजे ते वापरातही नाही.
वीबकेबाईंना सगळं सांगितलं. क्लबाच्या अध्यक्षा, वय एकाहत्तर, निवृत्त सुईण. त्यांच्याइतका चपळ हात क्लबात दुसरा नाही. त्यांनी विचारलं, किल्ली कुठंय? म्हटलं, खुंटीवर.
"मग घे की मेल्या," म्हणाल्या. "चाळीस वर्षं बायकांच्या उशाशी बसलेय मी. बाई 'माझं मी बघेन' म्हणाली ना, की कुलूप नाही बघायचं, घड्याळ बघायचं."
वय झालं बाईंचं. पूर्वीची जिद्द राहिली नाही.

शनिवार, १८ नोव्हेंबर. संध्याकाळी सहा.
पाच पिना! शेवटची दगा देतेय.
दुपारी गेसा खाली आली. दिवा विझला तसं तिने बटण दाबलं. पुन्हा विझला, पुन्हा दाबलं. चारदा. मला फार बरं वाटलं. जोडीने काहीतरी करून वर्षं झाली होती. पाचव्या अंधारात तिने विचारलं, "योखेन, किल्ली आणू का?" म्हटलं, अजिबात नको, सगळी मजा जाईल.
मग दिवा लागलाच नाही. स्वयंपाकाला गेली असेल.
तारीख आजची होती. पण पाच पिना बसल्यावर एखाद्या दिवसाची सवलत कोणीही देईल.

रविवार, १९ नोव्हेंबर.
गेसा सकाळीच बॅग घेऊन बाहेर पडली. दारात बराच वेळ उभी होती. मी सहाव्या पिनेचं चित्र काढत होतो. बहिणीकडे गेली असणार, मला सरावाला शांतता मिळावी म्हणून. समजूतदार आहे.
कुलपाला हातोडीने हलक्या थापा द्यायचा विचार होता, पण रविवारी आमच्या इमारतीत आवाज चालत नाही. गेसाला फोन कुलूप उघडल्यावरच करावा म्हणतो. काही सांगण्यासारखं तरी असेल.

सोमवार, २० नोव्हेंबर.
फोन तिनेही केला नाही. रात्री पाव आणि लोणी. झोप नाही.

मंगळवार, २१ नोव्हेंबर. दुपारी चार चाळीस.
उघडलं. बारा दिवस. तळघरात एकट्यानेच टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी, सात वाजता.
खोली झाडून स्वच्छ केलेली होती. मधोमध आमची एक जुनी खुर्ची, तिच्यावर पाकीट. आत नॉर्डरनाय बेटाचं एक तिकीट. लग्नाच्या वर्षी गेलो होतो तिथे. नंतर दर वर्षी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. तिकीट रविवारचं, सकाळी नऊची गाडी, पुढे बोट. सोबत चिठ्ठी: "दुसरं तिकीट माझ्याकडे आहे. फलाटावर थांबते. आलास तर पुन्हा सुरुवात करू. नाही आलास तर मी परत येणार नाही."
तीनदा फोन केला. उचलला नाही.
वर आलो. खुंटीवर तळघराची किल्ली होती तशीच. तिच्या मागे लाल दोरीची गेसाची घराची किल्ली. रविवारपासून असणार. त्याच खुंटीला मी रोज टोपी अडकवत होतो. फार वाईट वाटतंय. दुसरा शब्द सुचत नाही.
मग तळघराची किल्ली घेऊन खाली गेलो. कुलूप लावलं, आणि किल्लीने उघडून पाहिलं. सवयीने वेळ मोजली.
चार सेकंद.