अब्बांच्या कलमांचे पैसे

मालवण,
१८ मे २०२४

प्रिय शमसूभाय,

अस्सलामु अलैकुम. तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. माझे गुडघे सोडले तर इथे सगळं ठीक आहे.

तुला आठवतं का, शाळा सुटली की तू मला कॉन्व्हेंटच्या फाटकावरून घ्यायचास आणि अब्बा तिसऱ्या प्रहरची असरची नमाज पढून बाहेर येईपर्यंत आपण मशिदीच्या आवारात बसून राहायचो? हौदातून माडांकडे जाणाऱ्या पाटात मी पाय सोडायचे. बूट भिजले तर सिस्टर ओरडतील म्हणून ते तू मांडीवर धरून बसायचास. बाकी काही घडायचं नाही. अब्बा यायचे, आपण घरी जायचो. हल्ली मला तेच फार आठवतं.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं. पण वादळात मशिदीचं छप्पर गेलं, नवी बांधायची ठरली आणि त्यावरून जे झालं त्यानंतर तू माझा फोन उचलत नाहीस. शेजारच्या सुदेशची समीक्षा तुमच्याच बहारीनला नर्स आहे. ती सुट्टी संपवून निघालीय, तिच्या हाती हे पत्र आणि पिशवी देते.

भाय, काल नव्या मशिदीत पहिला जुम्मा झाला!

तू पाठवलेल्या नकाशातला हिरवा संगमरवर नाही, घुमटही नाही. आपल्या जांभ्याचे चिरे आहेत, गिलावा न केलेले. वर मंगलोरी कौलं. उंची माडांच्या खाली. सभेत कुणीतरी मजला चढवायचं म्हणत होतं, तर जमातीचे अध्यक्ष काझीमास्तर म्हणाले, "शेजाऱ्याच्या अंगणातला वारो अडवून अल्लाचा घर बांधतात काय रे?" विषय तिथेच संपला. पश्चिमेची भिंत अगदी कोरी ठेवलीय. तिच्या दोन बाजूंच्या झरोक्यांतून समुद्राचा वारा येतो आणि सजद्यात कपाळाला लागतो. हौद जुनाच. हातपाय धुतलेलं वजूचं पाणी अजून माडांनाच जातं.

बायकांसाठी पडवीतून दार केलंय. काल मी आत होते. साठी उलटल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मी आपल्या गावच्या मशिदीत जमातीबरोबर उभी राहिले. फातिहा संपल्यावर सगळ्यांची आमीन एकदम उठली आणि कौलांपर्यंत गेली. तिच्यात माझीही होती. मी रडले नाही असं लिहिणार होते, पण शेजारी हलीमामामी होती, ती तुला खरं सांगेलच.

भिंतीवर कुणाचं नाव नाही. अब्बांचंही नाही.

आता त्या विषयावर यायला हवं.

अब्बांची आंब्याची कलमं विकून आलेले पैसे आपण दोघांच्या नावावर बँकेत ठेवले आणि वीस वर्षं विसरून गेलो. तू सभेला मोठ्या कौतुकाने लिहिलंस, बघा, अब्बांचे पैसे दुपटीच्या वर वाढले, सगळे मशिदीला घ्या. घोळ तिथेच झाला. मुद्दल हलाल, पण वाढ म्हणजे व्याज. व्याजाचा चिरा मशिदीत कसा लावणार? मग मास्तरांना तुझा फोन आला, "घेतलात तर सगळे घ्या, नायतर एक पैसो नको. आणि अब्बांचा नाव सोन्याच्या अक्षरात होया." मास्तर बिचारे समजावायला गेले, तर "तुमका काय होया ता करा," म्हणून तू फोन ठेवलास.

जमातीने तुझा अपमान केला असं तू धरून बसलायस. जमात तर घाबरून सगळेच पैसे नाकारायला निघाली होती. खात्यावर आपल्या दोघांपैकी एकाची सही चालते. ती सही माझी होती, भाय. मुद्दल मी मशिदीला दिलं आणि वाढ बाजूला काढली.

मुद्दलात छप्पर काही होईना. होडीवाल्या दत्तारामने होडीसाठी राखलेलं सागाचं लाकूड दिलं, पैसे हंगाम संपल्यावर द्या म्हणाला. उशिराचे जास्त किती, विचारलं तर म्हणतो, "तुमच्या देवाक व्याज चलना नाय, मगे मी कसा घेव?"

आणि ती वाढ? व्याज घरात ठेवायचं नाही, सवाबाची, पुण्याची आशा न धरता लोकांच्या गरजेला देऊन मोकळं व्हायचं, हे तुलाही ठाऊक आहे. मासळी बाजारामागे मी बायकांसाठी संडास बांधून घेतले, नळासकट. हस तू, मीही हसले होते. पण पापलेटवाली नर्मदा परवा मला भर बाजारात म्हणाली, "मुनीराबाय, माका आता तहान लागता गो!" आडोसा नाही म्हणून या बायका सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसत. तिला त्यापायी मूतखडा झाला होता. आता तांब्या शेजारी घेऊन बसते.

"कोणी बांधल्यान गो?" तिने विचारलं.

"माका काय ठावक?"

"असांदे. जो कोण असात, तेचा पोट थंड रवांदे."

सोन्याची अक्षरं दर ईदला घासावी लागली असती, भाय. हे घासावं लागत नाही. मी चुकले असं मला वाटत नाही, आणि मनातून तुलाही वाटत नसावं.

पिशवीतलं नीट वाट. आंब्याचं साठं वहिनीचं, तिने ते लपवून ठेवावं. काजूगर थोरल्या सनाला, उसळीत नारळ सढळ हाताने घाल म्हणावं. अत्तराची कुपी धाकट्याला. कोकमं समीक्षाची, एवढं ओझं तिने वाहिलंय. ती नको म्हणेल, तेव्हा तू मोठ्या भावासारखा रागाव.

तुला काही पाठवलेलं नाही. तू बकरी ईदला ये. पहिल्या रांगेत आम्ही कुणाची जागा राखत नाही, अब्बांच्या मुलाचीसुद्धा नाही. म्हणून लवकर ये.

तुझी,
मुनी