काढ्याच्या सकाळी

जुळे सोलापूर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप काशम्माअक्कास,
सिद्धूचा शरणु शरणार्थी.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना, की बाटली नुसती देवळीत ठेवलीस? शिवलीलेनं पाठवलेली शेंगाचटणी मिळाली. लसूण जरा कमी होता. शिवलीला, हे तूच वाचत असणार, तर रागावू नकोस. चटणी आठ दिवसांत संपली, यातच काय ते समज.

फोन केला असता, पण तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की शेजारचे भांडण समजून खिडकीत येतात. पत्रही तुझ्या सुनेला ओरडूनच वाचावं लागणार, म्हणजे निम्म्या मंद्रूपला माझी खबर लागणार. लागू दे.

माझं ठीक आहे. थंडी सुरू झाली. बसवराजचा रविवारी बंगळूरहून फोन येतो. "पप्पा, जेवलात का?" विचारतो. मी हो म्हणतो. लगेच दोघेही फोन ठेवतो. कट्ट्यावरची मंडळीही ठीक आहेत.

कोरोनात तुझ्या बांधावरची गुळवेल तोडून आणली होती, आठवतं? दारातल्या कडुलिंबाच्या फांदीवर नुसती टाकली, तर तिनं वरूनच मुळ्या सोडल्या आणि अख्खं झाड वेढलं. कडुलिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणाची, हे आपल्या अव्वाचं बोलणं मी कॉलनीभर सांगत सुटलो. तेव्हा जो तो काहीतरी गुणाचं शोधतच होता. पलीकडचे जोतिराम आले, मागच्या गल्लीतल्या वैजयंतीबाई आल्या, त्यांच्या ओळखीनं आणखी चौघे आले. मी रात्री वेल ठेचून भिजत घालायचो, सकाळी सुंठ टाकून आटवायचो आणि सहाला दारातल्या कट्ट्यावर सगळ्यांना ग्लास द्यायचो. कोरोना गेला, पण लोक यायचे थांबले नाहीत. तोंड वाकडं करून काढा प्यायचा आणि मग तासभर पाण्याच्या टाकीपासून सुनांपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा.

मी जन्मभर विजेचे मीटर वाचले. लोकांच्या दारात गेलो की आधी कुत्रं यायचं, मग बिल जास्त आल्याची तक्रार. बसा म्हणणारे थोडेच. तुझी भावजय गेल्यावर तर घरात आवाज म्हणून फक्त फ्रिजचा. अशा माणसाच्या दारात सकाळी सहाला हाका येऊ लागल्या. "काढेवाले काका, उठलात का?" मला काय वाटायचं ते तुला कसं सांगू! रिटायर झालो त्या दिवशीचा हारही इतका गोड वाटला नव्हता.

मागच्या महिन्यात माझी भूक मेली. भाकरी समोर आली की नको वाटायचं. वय झालं म्हणून सोडून दिलं. घरात डोळ्यांत बघणारं कुणी नसलं की डोळे पिवळे झालेले कळत नाहीत, अक्का. न्हाव्यानं आरशात बघून सांगितलं. "काका, डोळं लई पिवळं दिसतंय की तुमचं. कावीळ हाय का बगा."

कावीळच निघाली. घाबरू नकोस, पुढचं ऐक.

डॉक्टरीणबाई वयानं आपल्या शिवलीलेएवढ्या. दारू पिता का विचारलं. मी कानाला हात लावला. मग म्हणाल्या, "काही काढा वगैरे?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, चार वर्षं झाली, रोज कडुलिंबावरच्या गुळवेलीचा काढा पितो. त्या लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, "गुळवेलीनं काही जणांच्या लिव्हरला सूज येते. सगळ्यांना होत नाही, पण कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. आजपासून बंद. घरचं आणखी कुणी पितं का?"

मी म्हणालो, "नाही. मी एकटाच."

खोटं बोललो का? घरचं कुणी नव्हतंच. पण त्यांना काय विचारायचंय ते मला चांगलं कळलं होतं.

आता जे लिहितोय ते बसवराजला अजून माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा काढा केला. सगळ्यांचे ग्लास भरले, माझ्या ग्लासात मात्र नुसतं कोमट पाणी घेतलं आणि त्यांच्याबरोबर तोंड वाकडं करून प्यायलो. सगळ्यांना होत नाही म्हणाल्यात ना डॉक्टरीणबाई, असं मनाशी घोकत राहिलो. रोज वाटायचं, आज सांगू. मग कुणीतरी हसायचं, कुणीतरी टाळी मागायचं, आणि सांगायचं उद्यावर जायचं. असा आठवडा घालवला.

शनिवारी वैजयंतीबाईंना कट्ट्यावरच घाम फुटला. हात थरथरायला लागले, बोलणं अडखळलं. त्यांना साखर कमी करायची गोळी चालू आहे. ती घेऊन, काही न खाता, वर कडू काढा प्यायलेल्या. काढ्यानंही साखर उतरते, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. जोतिरामांनी घरून साखरेचं पाणी आणून पाजलं, तेव्हा बाई सावरल्या. आणि सावरल्यावर पहिलं काय म्हणाल्या असतील? "राहिलेला काढा द्या की भाऊ, वाया कशाला?"

त्यांनी हात पुढे केला होता. मी ग्लास उचलला आणि मातीत ओतला. मग सगळं सांगून टाकलं. माझी कावीळ, डॉक्टरीणबाई, सगळं.

जोतिरामांनी शांतपणे विचारलं, "कवा कळलं तुमाला?"

"मागच्या आठवड्यात."

"आन् आजबी पाजलं की आमाला."

ते उठले, त्यांच्या मागं बाकीचे उठले. वैजयंतीबाईंना दोघींनी धरून नेलं.

अव्वाचं मी अर्धंच ऐकलं बघ. आपल्याला ताप आला की ती हीच वेल उकळायची, पण ताप उतरला की भांडं घासून फळीवर. मी अंगात ताप नसताना एकदा मागितला होता काढा, तर पाठीत धपाटा घातला होता. "औषध हाय ते, च्या न्हाय." कडुलिंबावरची वेल गुणाची, एवढंच मी लोकांना सांगितलं. धपाट्याचं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या आठवड्यात सगळे मिळून रक्त तपासायला गेले. माझ्या दारासमोरून दोन रिक्षा भरून गेल्या. मी शर्ट घालून उभा होतो, कुणी हाक मारली तर लगेच निघता यावं म्हणून. वैजयंतीबाईंनी नंतर फाटकाबाहेरूनच सांगितलं, "समद्यांचं चांगलं आलं हो, भाऊ." देवाची कृपा. माझं कसं आलं ते विचारायचं त्यांना सुचलं नाही. माझंही उतरतंय, काळजी नको.

आता सगळे सकाळी जोतिरामांच्या अंगणात जमतात. तिथं नुसता चहा असतो, तोही फिका. जोतिरामांचं हसणं माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. पहिले दोन दिवस मी पाचला उठून पातेलं गॅसवर ठेवलं होतं, नुसत्या पाण्याचं. आता अंथरुणातच पडून राहतो. ऊन तोंडावर येतं, तरी उठावंसं वाटत नाही.

दिवाळीत तू म्हणालीस, मंद्रूपला येऊन राहा, आणि मी चारचौघांत तुला तोडून बोललो. "माझी माणसं हितं हायत, तितं येऊन काय करू?" म्हणालो. ते मनावर घेऊ नकोस.

अक्का, मला इथं एकट्याला राहवत नाही. गुरुलिंगला गाडी घेऊन पाठव. शेजाऱ्यांनी विचारलं तर तो आजारी मामाला न्यायला आलाय म्हणेल, म्हणू दे. मी पिशवी भरून ठेवली आहे. सकाळी तू ओसरीवरून जशी सगळ्यांना उठवतेस, तशी मलाही हाक मार. लवकर मार.

तू बोलावलंस तेव्हा न आलेला,
तुझा धाकटा
सिद्धू