आईची घाई

पवनी, शुक्रवार संध्याकाळ

नागपूरचं कॉलेज बुधवारी सुरू होणार. मग माझी बॅग आजच भरायची आईला एवढी घाई काहून? सकाळपासून संशय येतोय. आत्या फराळाचं सामान घेऊन आलीय, बाबा जरा जास्तच गोड बोलताहेत. स्थळ आणलं असणार! आईही त्यांच्यातलीच. पाहुण्यांना बॅग दिसू नये, म्हणून ही घाई?

शेवटी विचारलंच, "आई, घरी कोणी येऊन राहिलं का?"

तिने दार लोटलं. "हो. रविवारी तुले पाहायले येतात. तू उद्याच पहिल्या एसटीनं निघ. तुह्या बाबाले मी पाहून घेईन."

दिवसभर तिच्यावरच डूख धरून होते. रडूच फुटलं.

"हळू रड," आई म्हणाली, "आत्या बाहेरच बसून आहे."