अखाजीच्या आधी भिंत

२० एप्रिल
ही डायरी कुणी वाचायची नाही. मलाही वाचता येत नाही, म्हणजे निम्मा धोका गेला. मी सांगते, सून सीमा लिहिते.
अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. माझी लेक हेमांगी गेल्या अखाजीपासून माहेरी फिरकली नाही. कारण मला ठाऊक आहे. घराची समोरची भिंत. किचनच्या एक्झॉस्ट फॅननं ती तेलकट, काळी केली. नवापूरला हायवेवर राहणारी पोर असल्या घरी कशी येईल?
सीमा लिहिता लिहिता थांबली. थांबू दे.

२१ एप्रिल
मुलगा अमृत म्हणे, भिंत राहू दे, मी मुऱ्हाळी जातो. भाऊ आणायला गेल्याशिवाय लेक अखाजीला पाय उचलत नाही, ही आमची रीत. मी म्हटलं, आधी भिंत. फोटो पाठवू. आपणहून येईल.

२३ एप्रिल, सकाळ
गल्लीतल्या झिपरूनं प्रेशर वॉशर आणला. गार पाण्याचा. सीमा म्हणे, माय, तेलगट कढई थंड पाणीघाई निंघस का? कढईला प्रेशर नसतं, म्हटलं.
दुपारी. धूळ गेली, शेवाळ गेलं. तेल पसरलं. आधी डाग खिडकीएवढा होता, आता दारातून आत यायला बघतो.

२४ एप्रिल
नळी जवळ धरायला लावली. रंग उडाला. तेल तिथंच.
झिपरू म्हणे, आजी, गरम पाण्याचीच मशीन लागेल. नवापूरला एकाकडे आहे, कोंबड्यांच्या गाड्या धुतो.
तो एक म्हणजे ईश्वर. माझा जावई. बोलावणार नाही.

२५ एप्रिल
गेल्या अखाजीला पंगतीत मी एवढंच म्हटलं होतं, जावईबापूंचा पाट लांब मांडा, कोंबड्यांचा वास येतो. सगळे हसले. तोही हसला. हेमांगी तेवढी ताटावरून उठली. लाडावलेली आहे, गंमत कळत नाही. पण न यायचं कारण ते नाही. भिंतच.

२७ एप्रिल
ईश्वरला बोलावलं. जावई म्हणून नाही, मशीनवाला म्हणून. फोन झिपरूनं केला. पत्ता सांगायला लागला तर ईश्वर म्हणे, घर माहीत आहे.
त्याला कळलं म्हणजे तिला कळलंच. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी एक सीट असते.

२९ एप्रिल
टेम्पो आला. शेजारच्या सीटवर पाइपाची गुंडाळी होती.
गरम पाणी लागलं आणि तेल सायीसारखं उतरलं. ईश्वर ओट्यावर चढला नाही. पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायला. मला काकू म्हणाला, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.
सहज विचारलं, हेमांगीला का नाही आणलं. नळी गुंडाळत म्हणाला, बलावनं मशीनले उनं, काकू. तिले कोठे उनं?
सीमा विचारते, तिला बोलावणं आलंच नाही म्हटल्यावर तुम्ही काय बोलल्या? बोलले की. डावीकडे कोपऱ्यात थोडं राहिलं, म्हटलं. त्यानं तेही धुतलं.

३० एप्रिल, अखाजी
गल्लीत सगळ्यांच्या लेकी आल्या. झोके बांधले, गाणी चालली आहेत. जाता-येता म्हणतात, भिंत काय उजळली.
अमृत पहाटेच मला न विचारता नवापूरला गेला. दुपारी एकटा परतला. हेमांगीनं त्याला पोटभर जेवू घातलं आणि एकच विचारलं, आईनं पाठवलं का? गाढवाला खोटं बोलता येत नाही.
ऊनही फार आहे. अशा उन्हात कोण निघतं.
संध्याकाळी. घराला चक्कर मारली. मागची भिंत काळीकुट्ट आहे. बसस्टँडवरून येताना तीच आधी दिसते.