कुंडीतला मेपल की जमिनीतला

बाबा, मी इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या मेडनहेडला घर घेतलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगायचं राहिलंय असं वाटत होतं. मागे छोटी बाग आहे, एकाच झाडापुरती, आणि ऑफिस संपलं की मी फक्त जपानी मेपल बघतेय. ऊन कुठे किती वेळ पडतं, वारा कुठून येतो, कुंपणाची सावली कुठवर सरकते, सगळं मोजून झालं. एका झाडापायी मला झोप लागत नाही, हे दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

शेवटी दोन उरले. एक बुटका, कातरलेल्या पानांचा, लालभडक. तो मोठ्या कुंडीत आयुष्यभर सुखाने राहतो. दुसरा उभा वाढणारा, उन्हाळाभर हिरवा, ऑक्टोबरात पेटल्यासारखा केशरी. त्याला जमीन लागते. आईला व्हिडिओ कॉलवर दोन्ही दाखवले.

"कुंडीतलाच घे गं. उद्या परत यायचं ठरलं तर?"

"आई, मेपल विमानातून पुण्याला आणू?"

"तुझ्या बाबांनी आणला असता."

खरंय. तुमच्या बदलीच्या नोकरीत आपली सगळी झाडं तेलाच्या डब्यांत. ट्रकमध्ये ती सगळ्यांत शेवटी चढायची आणि नव्या क्वार्टरवर सगळ्यांत आधी उतरायची. मी आठ वर्षांची, जास्वंद अंगणात लावूया म्हणून हट्ट धरून बसलेय. तुम्ही डब्याच्या तळाला खिळ्याने भोकं पाडताय आणि मान वर न करता म्हणताय, "जमिनीत लावलं की ते सरकारचं. डब्यात आहे तोवर आपलं." इथे भाड्याच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये मीही तेच केलं. व्हिसा आहे तोवर सगळं कुंडीत.

काल नर्सरीतल्या माणसाने, इथे गिऱ्हाइकाला सहज ‘लव्ह’ म्हणतात तसं म्हणत, विचारलं, "कुंडी की जमीन, लव्ह? एकदा रुजलं की त्याला हलवलेलं आवडत नाही." मी "जमीन" म्हणाले, इतक्या मोठ्याने की शेजारची बाई वळून बघायला लागली. आज सकाळी खड्डा खणला, झाड ज्या कुंडीतून आलं तिच्या दुप्पट रुंद, खोल मात्र तिच्याएवढाच. टाइप करताना नखांतली माती दिसतेय. दर थोड्या वेळाने उठून खिडकीतून बघून येते. फांद्या अजून काडीएवढ्या आहेत. नीट आकार यायला दहा वर्षं लागतील. लागू देत.

हा मेल ड्राफ्टमध्येच राहणार, म्हणून सांगते. खड्ड्यात उतरवण्याआधी मी टेप लावून झाडाची उंची मोजली. खड्ड्यासाठी उंचीची गरज नसते. ट्रकमध्ये मावलं असतं, बाबा.